तंबोरा मिरजेत, आम्ही घाटाखाली

आईचा तंबोरा गेली दोन वर्षं बोलत नव्हता. तारा नव्या घातल्या, खुंट्यांना खडू लावला, मणी वरखाली करून पाहिले, पण पूर्वी जो झंकार खोलीभर भरून राहायचा तो काही येईना. नुसता टणत्कार व्हायचा आणि तिथल्या तिथे विझायचा. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पाच-दहा मिनिटांपलीकडे गाणं आता तिला झेपत नाही, पण पहाटे तंबोरा मांडीशी घेतल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. पुण्यात दोघा-तिघांना दाखवून झाला. शेवटी तीच म्हणाली, "जिथं जन्मला तिथं घेऊन जा त्याला." माझ्या आजोबांनी तो १९७१ साली मिरजेहून आणला होता.

मिरजेच्या कारागिरांना फोन केला तर म्हणाले, पाच-सहा दिवस माझ्याकडे राहू द्यावा लागेल. जानेवारीचे दिवस होते, लेकीला सुट्टी होती, कोल्हापूरकडची गुऱ्हाळं पेटलेली होती. मग ठरवलं की रिकाम्या हातानं पुण्याला परतायचंच नाही. तंबोरा मिरजेत ठेवायचा आणि आपण खाली सावंतवाडीपर्यंत जाऊन यायचं. वाटेत जे जे हातानं बनतं ते बनवणाऱ्यांच्या दारात बसून बघायचं.

दिवस पहिला : मिरज

महालक्ष्मी एक्सप्रेसनं पहाटे उतरलो. गवसणीतला तंबोरा बघून रिक्षावाल्यानं पत्ता विचारलाच नाही. "सतारमेकर गल्ली ना?" म्हणाला आणि निघाला.

गल्ली तशी लहान. एकेका दुकानाच्या दारात अर्धवट दांड्या उभ्या करून ठेवलेल्या, आत भुसा, लाखेच्या पॉलिशचा वास आणि कुठून तरी कानस चालल्याचा खरखर आवाज. आमचे चाचा सत्तरीचे. त्यांनी गवसणी उतरवली, तंबोरा आडवा घेतला, पण तार छेडली नाही. आधी बोटाच्या पेरानं भोपळ्यावर चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि कान खाली नेऊन ऐकलं. "भोपळा शाबूत आहे," म्हणाले. मग तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्यावरून अंगठ्याचं नख हळूच आडवं फिरवलं. एकदा, दोनदा. आणि विचारलं, "वाजवतं कोण? आई? पंचम जोरात छेडतात त्या."

मी थक्क झाले. आई खरंच पंचमाची तार इतर तारांपेक्षा ठासून छेडते. आजोबा त्यावरून तिला ओरडायचे. चाचांनी माझं बोट धरून घोडीवर ठेवलं. चार तारांनी चार बारीक रेघा पाडलेल्या, आणि पहिल्या तारेखालची रेघ इतर तिन्हींपेक्षा खोल. पन्नास वर्षांचा आईचा हात त्या हाडाच्या पट्टीवर उमटलेला होता आणि आम्ही रोज त्यावरचं फडकं झटकत होतो.

जवारी म्हणजे काय ते मी लहानपणापासून ऐकत आले, समजलं मात्र त्या दुकानात. घोडीचा माथा बघायला सपाट वाटतो, पण त्याला अगदी केसभर उतार असतो. तीच जवारी. थरथरणारी तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. त्या टेकण्या-सुटण्यातून मूळ स्वराच्या डोक्यावर वरचे स्वर उमलतात. खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो तो असा. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोऱ्याचा एक तुकडा सरकवतात, त्याला नाव आहे 'जीव'. तो नेमक्या जागी आला की तंबोरा जिवंत होतो. रेघा पडल्या की तार खाचेत बसते, तिला टेकायला-सुटायला जागाच राहत नाही, आणि वाद्य मुकं होतं.

"मग किती घासायचं, हे कसं कळतं?" लेकीनं विचारलं.

"पट्टी लावून नाही कळत बेटा. कानसचा एक हात फिरवायचा, तार चढवायची, ऐकायचं. परत उतरवायची, परत एक हात."

"किती वेळा?"

"बोलेपर्यंत."

वर माळ्यावर भोपळे टांगलेले होते, शंभर-दीडशे तरी असतील. खायच्या भोपळ्यांशी यांचा संबंध नाही, हे कडू. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठच्या गावांत शेतकरी ते मुद्दाम लावतात, वेलावरच नीट वाढू देतात आणि उन्हात महिनोन्‌महिने वाळवतात. तंबोऱ्याला घेर मोठा लागतो, पन्नास इंचांच्या आसपास, आणि तोही सगळीकडून सारखा. पुरात वेल गेले की त्या वर्षी मिरजेत भोपळ्याची ओढाताण होते. दांडी आणि भोपळ्याच्या तोंडावर बसणारी तबली तुणीच्या लाकडाची. वाद्यावर नाव मिरजेचं असतं. पण त्यात भीमाकाठची एक शेतकरीण आहे, जिनं त्या फळाची एक बाजू चेपू नये म्हणून खाली पेंढा सारला होता. तिचं नाव कुठेच नसतं.

या गल्लीचा मूळपुरुष फरीदसाहेब शिकलगार. शिकलगार म्हणजे हत्यारं घडवणारे, त्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमल बसला, तलवारींचं काम सरलं, आणि मिरजेच्या पटवर्धन संस्थानात येणाऱ्या गवयांची वाद्यं दुरुस्त करता करता हे घर वाद्यंच घडवू लागलं. धार कळणाऱ्या हाताला जवारी कळली, यात मला तरी नवल वाटत नाही. दोन्हीकडे काम केसभराचंच. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चाचांना त्याचा आनंद आहे, तो त्यांनी बोलूनही दाखवला. पण दुकानात तंबोऱ्यांची मागणी पूर्वीसारखी नाही, हेही सांगितलं. गाणं शिकणारी मुलं मोबाईलमधला तानपुरा लावून बसतात. त्यात चुकीचं काही नाही, प्रवासात मीही लावते. पण ज्या मुलीनं एकदाही स्वतःच्या हातानं चार तारा जुळवल्या नाहीत तिला स्वर लागला की नाही हे कोण सांगणार, हा चाचांचा प्रश्न दिवसभर माझ्या डोक्यात राहिला.

संध्याकाळी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब इथेच विसावलेत. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात ते गेले आणि त्यांना मिरजेला आणलं. उरुसात त्यांच्या नावानं इथे संगीत सभा होते, मोठमोठे कलाकार हजेरी म्हणून गातात. याच उरुसात पहिला मानाचा गलेफ, म्हणजे मजारीवरची चादर, चढतो तो चर्मकार समाजाचा. दुसऱ्या दिवशी आम्ही कोल्हापूरला चपला बघायला निघालो होतो, त्यामुळे ही गोष्ट ऐकून फार बरं वाटलं.

दिवस दुसरा : कोल्हापूर

महाद्वार, रंकाळा, तांबडा-पांढरा यांवर सगळ्यांनी लिहिलंय. आम्हीही हे सगळं केलं, आणि मनापासून केलं. पण सकाळ घालवली ती सुभाषनगरात, एका घराच्या ओसरीवर.

एक काकू मांडी घालून वेणी घालत होत्या. केसांची नव्हे, चामड्याची. चपलेच्या पट्ट्यावर जी गुंफण असते तीही वेणीच. बकऱ्याच्या पातळ कातड्याच्या वाद्या पाण्यात भिजवून मऊ केलेल्या. एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून काकू ती इतक्या झरझर गुंफत होत्या की लेकीनं मोबाईलवर चित्रण केलं तरी बोटं वेगळी दिसेनात. तळ कापणं, ठोकणं, शिवणं पुरुषांकडे. वेणी, गोंडे, भोकं पाडणं, नक्षीचे ठसे बायकांकडे. "चप्पल बघताना माणूस आधी काय बघतो? वेणीच बघतो की," काकू म्हणाल्या. खरं आहे. आणि दुकानात गेलं की त्या वेणीमागचा हात बाईचा आहे हे कुणी सांगत नाही.

तळाचं कातडं म्हशीचं. ते कमवायची जुनी रीत त्यांच्या सासऱ्यांनी सांगितली. आधी चुन्याच्या पाण्यात भिजत घालून केस काढायचे. मग बाभळीची साल आणि हिरडा कुटून त्याच्या पाण्यात मुरवायचं. शेवटी कातडं पिशवीसारखं शिवून टांगायचं आणि त्यातच ते सालीचं पाणी भरायचं, म्हणजे ते आतून बाहेर झिरपत राहतं. महिना-सव्वा महिना जातो. रासायनिक कमाई काही दिवसांत उरकते, पण तसल्या कातड्याला हा रंग येत नाही आणि पायाचा घाम ते पीत नाही. चांगल्या जोडीत खिळा नसतो; तळ, कान, पट्टा, अंगठा सगळं चामड्याच्या वादीनंच शिवलेलं. हल्ली कातडं मिळवणं हीच पहिली अडचण झाली आहे. कमावणारी घरं कमी होत गेली आणि माल लांबून मागवावा लागतो.

कोल्हापुरी हे नाव एका शहराचं असलं तरी काम दोन राज्यांत पसरलेलं आहे. २०१९ मध्ये मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. निपाणी, अथणीकडच्या घरांतून शिवून आलेल्या कितीतरी जोड्या इथे विकल्या जातात. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं अशाच चपला चालवून दाखवल्या, नाव मात्र घेतलं नाही. मग इकडून ओरड झाली आणि प्रेरणा कोल्हापूरची असल्याचं त्यांनी मान्य केलं. ओसरीवर हा विषय निघाला तेव्हा सासरे तळाला टाके घालत होते. ते म्हणाले, "कुणी का घालंना, पर कुणाची हाय ते सांगावं. एवढंच."

दुपारी एका दुकानात हौसेनं शिरले. 'अस्सल हातकाम' म्हणून जी जोडी पुढे केली तिचा तळ दाबलेल्या पुठ्ठ्याचा होता आणि वेणी यंत्रावरची. वास घेऊन पाहिला तर रेक्झिनचा. सकाळी ओसरीवर बसले नसते तर मी ती खुशाल घेतली असती, या विचारानं जीव कळवळला. परत सुभाषनगर गाठलं आणि तिथूनच दोन जोड्या घेतल्या. सासऱ्यांनी घालून चालायला लावलं आणि मान कलती करून ऐकत राहिले. उजवी करकरली, डावी गप्प. डावी काढून घेतली, तळाच्या कडेवर चार ठोके घातले, पुन्हा चालायला लावलं. आता दोन्ही बोलल्या. "पहिले चार दिस घरात घाला. खोबरेल लावा. पावसात न्यायची न्हाई."

दिवस तिसरा : गुऱ्हाळ

करवीर तालुक्यातल्या एका गावात लेकीच्या मैत्रिणीच्या मामांचं गुऱ्हाळ आहे. पहाटे पाचला पोहोचलो तेव्हा धुकं होतं, आणि त्या धुक्यातूनच वास येत होता. चिमणीचा धूर दिसायच्या आधी गोड वास आला.

रस काहिलीत पडलेला. एका आधणाला साधारण हजार लिटर रस लागतो. खाली चुलवाणात चिपाडं कोंबणारा जाळव्या बसलेला असतो. त्याला वरची काहील दिसत नाही, गुळव्यानं हाळी दिली की जाळ वाढवायचा, कमी करायचा. चिपाडं म्हणजे आदल्या दिवशीच्याच उसाचा चोथा, वाळवलेला. उसाचा गूळ उसावरच शिजतो.

रस तापला की वर काळपट मळी येते. ती सुटी व्हावी म्हणून भेंडीच्या रोपाची खोडं ठेचून, पाण्यात कुस्करून, तो बुळबुळीत रस आधणात घालतात. त्या चिकट रसात सगळा केर गुंततो आणि वर तरंगतो, मग झाऱ्यानं काढून टाकायचा. मामा गुळात रसायन घालत नाहीत. थोडा चुना आणि ही भेंडी, बस. त्यामुळे त्यांचा गूळ तपकिरी होतो. पिवळाधमक दिसत नाही म्हणून सौद्यात भाव कमी लागतो, हे त्यांचं दुखणं. गिऱ्हाइकाला सोनेरी गूळ पाहिजे, आणि तो सोनेरी दिसायला काय काय घालावं लागतं ते विचारायचं नाही. वर साखर मिसळून केलेला गूळ स्वस्तात येऊन पडतो. मी स्वतः इतकी वर्षं पिवळा बघूनच घेत आले. यापुढे घेणार नाही.

गुळव्या पन्नाशीचे, उंच, डोक्याला टॉवेल. त्यांच्याकडून नजर हलत नव्हती माझी. दोन-अडीच तासांनी रस आटून दाट झाला, बुडबुडे मोठे आणि आळशी झाले. पुस्तकात ११८ अंश असं लिहिलेलं असतं. गुऱ्हाळात तापमापक नाही. त्यांनी हात थंड पाण्यात बुडवला, तसाच उकळत्या काकवीत नेला, चिमूटभर उचलून परत पाण्यात. बोटांनी गोळी वळली आणि काहिलीच्या लोखंडी काठावर मारली.

थप्प.

"अजून हाय," म्हणाले. दोन मिनिटांनी पुन्हा. थप्प, पण जरा कोरडा. तिसऱ्यांदा गोळी वळली, मारली, आणि टण् असा नेमका आवाज आला. धातूवर धातू आपटल्यासारखा. त्याच क्षणी त्यांनी हाळी दिली, आणि सहा माणसं धावली. काहील चुलवाणावरून उतरली, वाफ्यात ओतली, फावड्यांनी घोळणं सुरू झालं. अर्धं मिनिट उशीर झाला तर गूळ करपतो, लवकर उतरवला तर ढेप बसत नाही, पावसाळ्यात पाघळते.

"आवाज आला न्हवं?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं.

मला मिरजेचे चाचा आठवले. एकानं आयुष्यात कधी तंबोरा हातात घेतला नसेल, दुसऱ्यानं काहील बघितली नसेल. पण दोघंही काम थांबवायचं कधी हे कानालाच विचारतात.

गरम गूळ ओल्या फडक्याच्या साच्यात भरला. पूर्वी तीस-तीस किलोचे रवे व्हायचे. आता घरं लहान आणि गिऱ्हाईक किलोचं, म्हणून साचेही लहान झाले. शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ १८९५ मध्ये वसवली, तिथून कोल्हापूरचा गूळ गुजरातेपर्यंत जाऊ लागला. २०१४ मध्ये त्यालाही मानांकन मिळालं. गुऱ्हाळं मात्र वर्षागणिक विझताहेत. ऊस कारखान्याला घातला की पैसे खात्यात जमा होतात. इथे पहाटे तीनला उठणारी माणसं लागतात आणि ती मिळत नाहीत. गुळव्यांचा मुलगा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. तो गोळी वळायला शिकलेला नाही. मामा म्हणाले, "हे गेले की मी गुऱ्हाळ बंद करणार. दुसरा कान कुठनं आणू?"

निघताना पानावर गरम गूळ आणि वर शेंगदाणे दिले. इतका गोड, आणि मागून किंचित खारट. एक पाच किलोची ढेप घेतली. ती पुढे कुठे जाणार आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

दिवस चौथा : आंबोलीमार्गे सावंतवाडी

आजऱ्यावरून एसटी. आंबोलीला धुकं नव्हतं, नुसता हिरवा कडा आणि खाली कोकण. घाट उतरताना कानाला दडे बसले. बारापर्यंत सावंतवाडी.

मोती तलावाच्या काठचा राजवाडा लाल चिऱ्यांचा. दरबाराच्या दालनात गंजिफा रंगवणाऱ्या बायका खाली बसून काम करतात, आणि आपण शांतपणे शेजारी बसलो तर त्यांची हरकत नसते. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी जोडात १२० पाने, दहा अवतारांची दहा घराणी, प्रत्येक घराण्यात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत. तिघांनी खेळायचा डाव, हुकूम नाही. दिवसा डाव मांडला तर ज्याच्याकडे राम तो सुरुवात करणार, रात्री मांडला तर कृष्ण. लेकीला हे इतकं आवडलं की तिनं तिथल्या ताईंना तीनतीनदा विचारलं. रामाचा जन्म माध्यान्हीचा, कृष्णाचा मध्यरात्रीचा, म्हणून तसं.

पान तयार करायचं तर कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीनं चिकटवायचे, खडूचा लेप द्यायचा, गुळगुळीत दगडानं घोटायचं, गोल कापायचं, मग रंग, शेवटी लाखेचा हात. आमच्यासमोरच्या ताई मत्स्याची पाने करत होत्या. कुंचल्याला टोकाला चार-पाचच केस. माशाच्या अंगावर खवले काढताना त्या श्वास धरून ठेवत. एका ओळीत नऊ खवले, आणि मगच श्वास सोडायचा. शेजारी बसून माझाही श्वास अडकायला लागला. दशावतारीतला मासा दहाच्या पानावर दहा वेळा काढायचा असतो, दहाही सारखे, आणि पान तळहाताएवढं.

ही कला इथे जवळजवळ संपली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी सत्तरच्या दशकात शोध घेतला तेव्हा हे काम जाणणारे एक म्हातारे चितारी उरले होते, पुंडलिक चितारी. राजा-राणी त्यांच्यासमोर स्वतः विद्यार्थी म्हणून बसले, शिकले, आणि मग राजवाड्यातच हे काम सुरू केलं. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या. एका माणसाच्या हातात अडकलेली विद्या कुणीतरी वेळेवर जाऊन उचलली. त्या गुळव्यांकडून उचलायला कोण जाणार, हे मनातून जाईना.

चितारआळीत लाकडी फळं, भाज्या, भातुकली, पाट. पूर्वी पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरत, आता बहुतेक ठिकाणी मिळेल ते. एका दुकानामागच्या कातावर एक काका लाटण्याच्या आकाराची खुळखुळ्याची मूठ फिरवत होते. लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडाला टेकवली की घर्षणानं ती वितळते आणि रंग चढतो. लेकीनं लाकडी सीताफळ घेतलं. डोळे इतके खरे की संध्याकाळी लॉजवर ताटलीत ठेवलेलं ते सीताफळ उचलायला वेटरनं हात पुढे केला.

दिवस पाचवा : पिंगुळी, खाजं आणि आमसुलं

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी अजून जिवंत आहे. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कळसूत्री बाहुल्या आहेत, चामड्याच्या छायाबाहुल्या आहेत, आणि चित्रांच्या पोथ्या आहेत. एकेक चित्र मांडीवर उभं धरायचं, वीणा, हुडूक, टाळ वाजवत गोष्ट गायची, आणि वाक्याच्या नेमक्या शब्दावर पान बदलायचं. जुन्या चित्रांतली माणसं सगळी एका बाजूनं बघणारी, डोळे मोठे, पाय जमिनीवर घट्ट. सीताहरणाचं चित्र वर आलं तेव्हा गाणाऱ्या भाऊंनी वीणेची तार एकदाच छेडली आणि गप्प राहिले. आम्हीही. इथे याहून जास्त लिहीत नाही; जाऊन बसायची जागा आहे ती.

परतीला कुडाळच्या बाजारात एका मावशींचं खाज्याचं दुकान. बेसनाची जाड शेव तळायची, आल्याच्या गुळाच्या पाकात घोळायची, घोळता घोळता पाक पांढरट होऊन शेवेवर सुकतो. कोकणात जत्रा खाज्याशिवाय होत नाही. मावशींना गूळ कुठला वापरता म्हणून विचारलं.

"घाटावरचो. कोल्हापूरचो. गूळ बरो नाय, तर खाजां ओलां पडता."

मी पिशवीतून ढेप काढली. मावशींनी नखानं कोपरा खरवडला, जिभेवर ठेवला, आणि त्यांचा चेहराच बदलला. "ह्यो खंय गावलो तुका?" मामांचा पत्ता लिहून दिला, फोन लावून दोघांना बोलायला लावलं, आणि ढेप तिथेच ठेवली. मावशींनी पैसे देऊ केले ते घेतले नाहीत, तर त्यांनी दोन किलो खाजं बांधून दिलं आणि वर आमसुलं.

आमसुलांची गोष्ट त्यांनीच सांगितली. रतांब्याची सालं मे महिन्यात वाळवायची, मीठ घातलेल्या त्याच रसात बुडवायची, पुन्हा उन्हात. असं पाच-सात वेळा. एक दिवस पाऊस आला तर सगळं बुरसतं. बियांचं तेल निघतं, मुठेल. थंडीत टाचेच्या भेगांना लावतात. त्याचाही एक गोळा कागदात गुंडाळून दिला. "आवशीच्या पायांक लाव," म्हणाल्या. आई आहे हे बोलण्यात एकदाच आलं होतं.

दिवस सहावा : पुन्हा मिरज

पहाटेच्या गाडीनं घाट चढून कोल्हापूर, तिथून मिरज. पोचायला दुपारचे तीन वाजले. चाचा दारातच होते. तंबोरा भिंतीला टेकवलेला, भोपळ्यावर नवं पॉलिश, पण जुना रंग घालवलेला नव्हता.

"घोडी बदलली नाही," ते म्हणाले. "बदलायला लागली असती तर विचारून बदलली असती. घासून वर आणली. रेघा गेल्या, फक्त पंचमाची जराशी राहू दिली. ती काढली असती तर माथा फार खाली गेला असता."

त्यांनी स्टुलावर बसून तारा जुळवायला घेतल्या. काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर. पंचम, जोडीचे दोन षड्ज, पितळी खर्ज. मग जीव सरकवायला लागले. दोरा केसभर पुढे, नख लावून केसभर मागे. दुकानातला मुलगा कानस थांबवून उभा राहिला. बाहेर एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला, चाचा तो जाईपर्यंत थांबले. पुन्हा छेडलं. आणि एकदम भोपळ्यातून तो आवाज उठला. छेडायचं थांबल्यावरही तो खोलीत होता, कपाटाच्या काचेत होता, माझ्या दातांत होता. लेकीनं माझा हात धरला. खर्जाच्या मागून गंधार आला, स्वच्छ.

मी आईला फोन लावायला घेतला तर चाचांनी हातानंच थांबवलं. "फोनवर नको ताई. फोनात निम्मा पण येत नाही. घरी नेऊन एक रात्र तसाच ठेवा. पुण्याची हवा लागू दे त्याला, मग जुळवा."

मजुरी सांगितली ती दिली, आणि खाज्याचा अर्धा पुडा. चाचांनी एक तुकडा तोंडात टाकला, "अद्रक भारी आहे," म्हणाले, आणि उरलेलं मुलाच्या हाती आत पाठवलं.

रात्रीच्या गाडीनं निघून पहाटे घरी आलो. एक रात्र ठेवा असं सांगितलंय म्हटलं तरी आईनं ऐकलं नाही. अंघोळ करून सतरंजीवर बसली, तंबोरा मांडीशी घेतला, खुंट्यांना हात लावला, मणी जरा खाली ओढले. टाचांना मुठेल चोळलेलं, त्याचा वास येत होता. कान दांडीला लावला आणि पंचमाची तार छेडली. जोरात.